सावळ्या चेहऱ्याला लाल लिपस्टिक आणि "आज काय विशेष?"

नऊ नंबर फलाट

मंडळी, प्रश्न थोडा लांबलचक आहे, वैतागू नका. मी राहते ठाण्यात कोपरीला, ऑफिस नवी मुंबईत महापेला, अकाउंट्समध्ये. वय अडतीस. आजवरचा माझा मेकअप म्हणजे काजळ, टिकली आणि कोणाच्या लग्नात मैत्रिणीने धरून फासलेलं काहीतरी. रंग सावळा, सावळा म्हणजे स्थळांच्या कागदावर "गव्हाळ" लिहायचे तो नव्हे, खराखुरा सावळा. लहानपणी आत्या साय आणि डाळीचं पीठ चोळायची, कॉलेजात गेल्यावर गोरं करणारी ट्यूब आली, आणि त्याबरोबर एक कायमचा सल्ला, की सावळ्यांनी लाल लावू नये गं, फार उठून दिसतं. उठून दिसलं तर बिघडतं काय, हे तेव्हा विचारायला सुचलं नाही.

तर मागच्या महिन्यात लेकीचा क्लास सुटायची वाट बघत राम मारुती रोडला टाइमपास करत होते, एका दुकानात शिरले, तिथल्या मुलीने हातावर चार रेघा ओढल्या आणि त्यातली एक विटकरीकडे झुकणारी लाल मला इतकी आवडली की घेऊनच टाकली. आठ दिवस पर्समध्ये पडून होती. एका गुरुवारी लावून गेले. झालं. लिफ्टमध्ये "आज काय विशेष?", जागेवर बसते तोवर "वाढदिवस का?", आणि आमचे एक सर, "कुठे इंटरव्ह्यूबिंटरव्ह्यू आहे वाटतं". सगळे हसले, मीही हसले. आणि लंचच्या आधी वॉशरूममध्ये जाऊन टिश्यूने पुसून आले. कोणी पुस म्हणालं नव्हतं बरं का. तेव्हापासून स्वतःचाच राग येतोय.

आता विचारायचंय ते हे. एक तर आपल्या ह्या घामट हवेत ट्रान्सहार्बर लोकलने उभं राहून जाणारीने नेमकं काय वापरावं की ऑफिसला पोचेपर्यंत तोंडाचा रंगपंचमीनंतरचा अवतार होणार नाही. दुसरं, "काय विशेष" ला तुम्ही काय उत्तर देता. आणि तिसरं, हे जरा वेड्यासारखं वाटेल, पण पहिल्यांदा लावल्यावर आरशात दुसरीच कोणी बाई बघतेय असं तुम्हाला झालं होतं का आणि ती कधी ओळखीची झाली?

घामाघूम

अगं पुसलीस कशाला!! विटकरी लाल तर सावळ्या रंगावर जी दिसते ती दुसऱ्या कशावर दिसत नाही.

मी सानपाड्याची, गेली अकरा वर्षं रोज ठाण्याला येते, म्हणजे तुझ्या उलट्या दिशेने, त्यामुळे घामाच्या विषयात मला डॉक्टरेट द्यायला हरकत नाही. पहिली गोष्ट, शेड हाताच्या मागच्या बाजूला बघायची नाही, बोटाच्या टोकावर बघायची, ते ओठाच्या रंगाच्या जास्त जवळ असतं. आणि टेस्टर थेट ओठाला तर अजिबात नाही, आपल्याआधी किती जणींनी लावलाय देव जाणे. दुकानातल्या लाइटवर विश्वास ठेवू नकोस, बोटाला लावून सरळ बाहेर रस्त्यावर ये, उन्हात बघ, मग आत जाऊन पैसे दे. दुकानवाल्या मुली बघतात विचित्र, बघू देत.

ओठ मुळात काळसर असतील तर खालचा रंग वर डोकावतो आणि लिपस्टिक डबीत एक, तोंडावर दुसरीच दिसते. त्यासाठी साधारण त्याच रंगाची लिप पेन्सिल नुसती कडेला न ओढता अख्ख्या ओठात भरायची, वर लिपस्टिकचा पातळ हात, टिश्यूने टिपायचं, परत एक पातळ हात. जाड थर एकदम दिला की तो घसरतो.

लिक्विड मॅट घेणार असशील तर एक लक्षात ठेव. ती लावल्यावर तिच्यातलं पातळ करणारं द्रव्य उडून जातं आणि रंगाचा पापुद्रा ओठाला चिकटून बसतो, त्यामुळे पाण्याला चहाला ती दाद देत नाही. तेलाला मात्र देते. मी एकदा सकाळी नवीकोरी लावून मैत्रिणींबरोबर मामलेदारला मिसळ खायला गेले, तर्रीचा तिसरा घास आणि अर्धी लिपस्टिक पावावर, मधे ओठ कोरा आणि कडेला लाल चौकट. तेव्हापासून मिसळ असेल त्या दिवशी साधी कांडीवाली, खाऊन झाल्यावर परत लावता येते. आणि रात्री काढायलाही तेच, दोन थेंब खोबरेल, एक मिनिट थांबायचं, कापसाने पुसायचं, घासत बसायचं नाही.

काजळ पसरतं ते तेलाने आणि घामाने. डोळ्याखाली आधी सुती रुमालाने टिपून घे, बोटाने जराशी लूज पावडर दाब, मग वॉटरप्रूफ काजळ. आणि कितीही उशीर झालेला असो, चालत्या गाडीत डोळ्याला पेन्सिल लावायची नाही, लिपस्टिक लाव हवी तर. माझ्यासमोर एकीने ब्रेक लागताना डोळ्यात घातली होती. काजळ, मस्करा कोणाला द्यायचंही नाही आणि कोणाचं घ्यायचंही नाही, डोळे येण्याची साथ असते तेव्हा तर नाहीच. मस्करा तीन ते सहा महिन्यांत फेकून द्यायचा, कितीही उरलेला असला तरी. बाकीच्या डब्यांवर उघड्या बरणीचं छोटं चित्र असतं बघ, आत बारा किंवा चोवीस आणि पुढे एम, म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने. मी झाकणावर मार्करने तारीख लिहिते, नवरा म्हणतो लोणच्याच्या बरण्या आहेत का.

सनस्क्रीन लावून तोंड राखाडी होत असेल तर त्यात झिंक ऑक्साइड नाहीतर टायटॅनियम डायऑक्साइड जास्त असणार, ते सावळ्या कातडीवर भस्मासारखं दिसतं. टिंटेड मिळतं, ते बघ. फाउंडेशनच्या नादाला रोज लागू नकोस, जूनपर्यंत तर नकोच नको.

"काय विशेष" ला माझं उत्तर ठरलेलं आहे. "आज गुरुवार." बुधवारी विचारलं तर "आज बुधवार".

पाचपाखाडीकर

माफ करा, पुरुष असून मध्ये बोलतोय. पण हे सगळं वाचून वाटलं की एवढा खटाटोप कशासाठी? माणसाने आहे तसं राहावं. आमच्या आईने आयुष्यात पावडरीपलीकडे काही लावलं नाही, तरी चारचौघीत उठून दिसायची. हेच पैसे महिन्याला एसआयपीत टाकले तर?

घामाघूम

@पाचपाखाडीकर, काका, एकच विचारते, राग मानू नका. मिशीला कलप लावता का?

पाचपाखाडीकर

लावतो. मुद्दा मान्य. गप्प बसतो.

गोखले रोडची आजी

मी एकाहत्तर वर्षांची आहे, फोनमध्ये बोलून टाइप करते, चुका सांभाळून घ्या.

नऊ नंबर, तुझं ते पुसून टाकणं वाचलं आणि मला माझीच गोष्ट आठवली. आमच्या वेळी मेकअप म्हणजे अफगाण स्नो, वर पावडर, आणि कुंकू. कुंकू म्हणजे आताची टिकली नाही. कपाळावर आधी बोटाने मेण लावायचं गोल, ते नीट जमवायचं, मग त्यावर पिंजर दाबायची आणि सुटी पडलेली फुंकरीने झटकायची. मेण जास्त झालं की दुपारी कुंकू नाकापर्यंत ओघळायचं. माझी आजी तर कुंकू घरी करायची, हळदीला चुना लागला की ती लाल होते ना, त्यातलंच तंत्र, पण तिचा हात होता, मला एकदाही तो रंग साधला नाही, माझं कुंकू मिसरीसारखं व्हायचं.

लग्न होऊन नौपाड्यात आले. सासूबाई कडक. लिपस्टिक लावणाऱ्या बायकांना त्या जे म्हणायच्या ते मी इथे बोलणार नाही. मी एकदा धीर करून लॅक्मेची एक कांडी आणली आणि त्यांना म्हटलं, अहो ही टाटांनी १९५२ साली काढलेली कंपनी, आणि लॅक्मे म्हणजे आपल्या लक्ष्मीचंच नाव, फ्रेंच लोक तसं म्हणतात. त्या म्हणाल्या, मग देव्हाऱ्यात ठेव.

पुढे ७८ साली गडकरी रंगायतन झालं आणि आम्हा दोघांना नाटकाचं वेड. घरून निघताना तोंड कोरं. रंगायतनला पोचल्यावर बायकांच्या बाजूला जाऊन लावायची, तीन तास ऐटीत बसायची आणि परत येताना तलावपाळीला यांच्या रुमालाला पुसायची. त्यांनी कधी एका शब्दाने विचारलं नाही, रुमाल आपणहून पुढे करायचे. रुमाल धुवायला मीच असायचे म्हणून कोणाला कळलं नाही. तर बाळा, पुसणारी तू पहिली नाहीस.

हे गेले त्याला बारा वर्षं झाली. कपाळावरचं कोणी पुसायला आलं नाही, आमची मुलं तशी नाहीत, पण मीच करंडा उचलून कपाटात वरच्या फळीवर ठेवला. का ठेवला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. सवय असते म्हणा. बाहेर निघताना हात कपाळाकडे जायचा आणि खाली यायचा. मग २०२२ च्या मे महिन्यात पेपरात आलं की कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. नंतर सरकारनेही बाकीच्या गावांना तसंच करा म्हणून कळवलं. मी ती बातमी दोनदा वाचली. मनात म्हटलं, शिरोळ तालुक्यातल्या एका गावाला जमतं आणि मी इथे ठाण्यात गोखले रोडवर बसून फळीकडे बघतेय.

करंडा काढला तर पिंजर दगड झालेली. मग सुनेची मरून टिकली लावली, बारकी. पुढच्या संक्रांतीला खालच्या मजल्यावर हळदीकुंकू होतं, मी आपली वाण ठेवायला मदत करत होते, आणि ती मुलगी माझ्यापाशी आली, बोट कुंकवात बुडवलेलं आणि हात हवेतच थांबला. तिला कळेना लावावं की नाही. मीच कपाळ पुढे केलं.

आता लिपस्टिकपण लावते, फिकी गुलाबी, भजनाला आणि भिशीला. एकच अडचण आहे, ती कवळीला लागते. कोणाला उपाय माहीत असेल तर सांगा.

घामाघूम

आजी 🙏 डोळ्यातलं काजळ गेलं आज माझं, वॉटरप्रूफ असून.

कवळीसाठी, लिपस्टिक लावून झाली की बोट स्वच्छ करून तोंडात घाला, ओठ मिटा आणि बोट बाहेर ओढा, आतल्या बाजूची जास्तीची सगळी बोटावर येते. चकचकीत घेऊ नका, मॅट घ्या.

टिकलीबंद

आजींनी कुंकवाचा विषय काढला म्हणून लिहिते, नाहीतर ह्यावर मी सहसा बोलत नाही. वीसेक वर्षं रोज चिकटवायची टिकली लावत होते, एकाच जागी, तीसुद्धा मोठी, झोपतानाही काढायची नाही. आधी खाज सुटायची, दुर्लक्ष केलं. मग तिथे पांढरा डाग आला, टिकलीएवढा गोल. वाशीच्या एका स्किनच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, कुठली टिकली लावता. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्यूटाइल फिनॉल नावाचं केमिकल असतं, त्याने काहींच्या कातडीतल्या रंग तयार करणाऱ्या पेशी मरतात. सगळ्यांना होतं असं नाही, घाबरवत नाहीये, पण खाज येत असेल, लाली येत असेल तर त्याच दिवशी बंद करा आणि दाखवून घ्या, माझ्यासारखी वाट बघू नका. आणि रात्री झोपताना टिकली काढून आरशाला लावा, कपाळाला थोडी सुट्टी.

टिकली बंद झाली तो काळ वाईट गेला. डाग लपवायला कन्सीलर लावायचे तर लोक म्हणायचे कपाळ का रिकामं, आणि नाही लावलं की "कोड आहे का?" शेजारणीने तर तिच्या नव्या सुनेला माझ्याकडचं पाणी पिऊ नको सांगितलं होतं. कोड असतं तरी ते पाण्यातून जात नाही हे कोणाला किती वेळा सांगणार.

मग भाचीने आयलायनरने कपाळावर चंद्रकोर काढून दिली, डागाच्या वर जरा, पातळ ब्रशने. डॉक्टरांना विचारून घेतलं आधी. आता रोज हाताने काढते. कधी चंद्रकोर, कधी नुसता ठिपका, कधी उभी रेघ आणि खाली बिंदू, पाडव्याच्या शोभायात्रेला कोपिनेश्वरपाशी जमतो तेव्हा तर जरा जास्तच कलाकारी होते. डाग थोडा कमी झालाय, पूर्ण गेलेला नाही. बऱ्याचदा चंद्रकोरीच्या पोटातच तो ठेवते, पांढरा. लोकांना वाटतं डिझाइन आहे.

घणसोलीचा पोऱ्या

ताई, मी चोवीस वर्षांचा मुलगा आहे, इथे लिहावं का विचार करत दोन दिवस गेले.

मला पिंपल्सचे डाग आहेत, गालावर खड्डे वगैरे. कॉलेजच्या एकांकिकेत पहिल्यांदा मेकअप झाला, रंगभूषा करणाऱ्या दादांनी दोन मिनिटांत डाग गायब केले आणि मी आरशासमोरून हलेचना, ते ओरडले, अरे एन्ट्री आहे तुझी. तुमचा तो "दुसरीच बाई" वाला प्रश्न आहे ना, माझं उलटं झालं, मला वाटलं हाच मी आहे आणि रोजचा तो कोणीतरी दुसरा.

मग इंटरव्ह्यूच्या आधी स्वतःच ऑनलाइन फाउंडेशन मागवलं. दोन शेड फिकं. मला वाटलं जरा फिकंच बरं, आपल्याला शिकवलंच तसं आहे ना. फेअर अँड लव्हली हे नाव १९७५ ला आलं आणि २०२० मध्ये त्याचं ग्लो अँड लव्हली झालं, पण आमच्या घरी अजून जुन्याच नावाने यादीत लिहितात. तर ते लावून बाहेर आलो आणि बाबा म्हणाले, काय रे पिठाच्या गिरणीतून आलास का? मान काळी, तोंड पांढरं, आणि फ्लॅशमध्ये फोटो काढला तर भूतच. शेवटी ऐरोलीत एका कॉस्मेटिकच्या दुकानात गेलो, दुकानवाले म्हणाले बहिणीसाठी का, मी हो म्हटलं, मग म्हणाले शेड कशी कळणार, मग म्हटलं माझ्यासारखाच रंग आहे तिचा, अगदी डिट्टो. त्यांनी माझ्याच जबड्याच्या कडेला तीन रेघा ओढल्या आणि जी दिसेनाशी झाली ती दिली. हातावर नाही, गालावर नाही, जबड्याच्या कडेला, हे मी तिथे शिकलो. निघताना म्हणाले, बहिणीला सांग आधी मॉइश्चरायझर लाव आणि डागावर थापटायचं, चोळायचं नाही. त्यांना माहीत होतं हो सगळं.

आता फक्त डागांवर थोडं कन्सीलर लावतो. डोळ्याखालच्या काळ्यासाठी आधी किंचित केशरी करेक्टर लावतात, निळसर काळपट रंग त्याने मरतो, हे रंगभूषावाल्या दादांनी सांगितलेलं, नुसतं कन्सीलर लावलं की तिथे राखाडी दिसतं. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडला काजळ घालून गेलो होतो, मित्रांनी दहा मिनिटं चिडवलं आणि अकराव्या मिनिटाला एकाने विचारलं, आहे का जवळ, मला पण लाव. मी नाही म्हटलं, म्हणजे घामाघूमताईंचा नियम मला तेव्हा माहीत नव्हता, पण काजळ आईचं होतं.

बाबांना कळलंय. बोलत काही नाहीत. परवा फक्त म्हणाले, मानेला पण लावत जा.

नऊ नंबर फलाट

आज ऑफिसातून निघाल्यावर गाडीत सगळं परत एकदा वाचलं, रबाळे कधी गेलं कळलं नाही.

अपडेट देते. सोमवारी लावली नाही. मंगळवारी लावली, आधी पेन्सिल भरून, दोन पातळ हात, टिपून. टिकली त्याच रंगाची. लिफ्टमध्ये विचारलं नाही कोणी. आमच्या सरांनी विचारलं, "आज परत?" आणि मी "आज मंगळवार" म्हणायच्या तयारीत होते, पण तोंडातून भलतंच निघालं, म्हटलं, "सर, मला हा रंग आवडतो." एवढंच. ते म्हणाले, अच्छा अच्छा, आणि जीएसटीची फाइल मागितली. चार वाजेपर्यंत टिकली, डब्यात दोडक्याची भाजी होती, तेल कमी.

दुसरी बाई अजून पूर्ण ओळखीची झालेली नाही. पण आता तिला बघून मी दचकत नाही.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. मी आधीच्या पोस्टमध्ये मुद्दाम लिहिलं नव्हतं, गुरुवारी त्यांनी ओठांकडे बघितलं होतं आणि काही न बोलता आत गेल्या होत्या, मला वाटलं संपलं आता. काल आजींची पोस्ट त्यांना मोठ्याने वाचून दाखवली, रुमालापर्यंत. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मटार सोलत होत्या. मग म्हणाल्या, मेण हल्ली कुठे मिळतं विचार गं त्यांना.

आजी, कुठे मिळतं?

गोखले रोडची आजी

जांभळी नाक्याला पूजेच्या सामानाची दुकानं आहेत तिथे विचार, मला मागच्या वर्षी मिळालं होतं, छोटी डबी. कुंकवाचं मेण असंच म्हण, नुसतं मेण म्हटलं तर मेणबत्तीचं देतात. आणि सासूबाईंना सांग, पिंजरही नवी घ्या, जुनी असेल ती दगड झाली असेल.